हातवाल्यांचा बॅज

“वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये भिंत.”

हातवाले हे बोलले नाहीत असा एक दिवस गेला नसेल. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना हे शिकवलं होतं. किरणं दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटका बसला तरी तेव्हा कळत नाही. म्हणून त्यांच्याजवळ थोडाच वेळ थांबायचं, होईल तितकं लांबून काम करायचं आणि मध्ये जाड भिंत ठेवायची. बाकीच्यांनी ते पाठ केलं आणि गेटबाहेर पडल्यावर खुंटीला टांगून ठेवलं. हातवाल्यांनी ते अंगात मुरवून घेतलं. शेजारी भांडण जुंपलं, की ते दार लोटून घेत आणि म्हणत, “वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये भिंत.” मेहुणा सल्ले द्यायला आला, तरी तेच. बायको कधी डोळ्यांत पाणी आणून बोलायला लागली, तर तोंडानं म्हणत नसत, पण पायात चपला सरकवत. ते बायकोला कळायचं.

“संसार केलात माझ्याशी,” ती म्हणायची, “पण काचेपलीकडून.”

हे बोलणं तिनं हसत सुरू केलं होतं. पुढे पुढे हसू गळून गेलं, बोलणं राहिलं.

अणुसंशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला एक इमारत होती आणि तिच्या पोटात एक खोली. खोलीच्या भिंती माणूस आडवा झोपेल इतक्या जाड. आत कुणी जायचं नाही. आत जे असे, त्याच्यासमोर उभं राहणं म्हणजे स्वतःचं आयुष्य स्वतःच्या हातानं कमी करणं. भिंतीत एक खिडकी होती, शिसं घातलेल्या जाडजूड काचेची, मधासारखी पिवळी. त्या काचेसमोर बसून दोन मुठी धरायच्या. मूठ वळवली, की भिंतीवरून आत गेलेला लोखंडी हात वळे. मूठ आवळली, की आतला चिमटा मिटे. त्या हातांनी आत बाटल्या उचलल्या जात, बुचं फिरवली जात, दवाखान्यांसाठी किरणांची औषधं भरली जात.

ते हात सांभाळायचं काम ह्यांचं. म्हणून सगळे त्यांना हातवाले म्हणत. पगारपत्रकावर दुसरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तेही वळून बघत नसत.

हाताच्या पोटात पोलादाच्या बारीक पट्ट्या असतात, तारा असतात, कप्प्या असतात. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तार कुठे झिजते आणि तुटायच्या आधी कशी कुरकुरते, हे ह्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. बिघडलेला हात प्लास्टिकच्या पिशवीत ओढून घ्यायचा, पिशवीचं तोंड उघडू न देता सील करायचं, हात दुरुस्तीच्या खोलीत न्यायचा. अंगावर गोणीसारखा डगला, दोन-दोन हातमोजे, तोंडावर मुखवटा. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायचा नाही. तार बदलून झाली, की हातवाले पाण्यानं काठोकाठ भरलेला कागदी पेला ठेवत आणि त्या हाताला उचलायला लावत. पेला चेपला तर हात नापास. पाणी सांडलं तरी नापास.

काचेसमोर बसून ते हात चालवणारी एक बाई होती. तिला सगळे खिडकीवाली म्हणत. तिचं तोंड तिच्या हातांइतकंच चालायचं.

“हातवाले, तुमचा डावा रुसलाय.”

“काय केलंस त्याला?”

“मी कशाला काय करू? उचल म्हटलं की नुसता बघत बसतो. अगदी आमच्या घरच्यासारखा.”

“मग घरच्याला आण इकडे, त्याचीही तार बदलून देतो.”

“त्याला तार होती कधी?”

असं चालायचं.

आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असे. प्लास्टिकची चपटी डबी, आत खडूच्या टिकलीसारख्या चकत्या. अंगावर जितकी किरणं पडतील, तितकी त्या चकत्यांत साठत जात. ठरलेल्या मुदतीनंतर मोजणीवाले साहेब बॅज गोळा करत, यंत्रात तापवत आणि कुणाला किती लागलं ते वाचत. त्या चकत्यांची एक खोड होती. एकदा वाचलं, की आत साठलेलं सगळं पुसलं जाई. बॅज कोरा होई, पुन्हा कुणाच्या तरी छातीवर चढे. आणि नियम असा, की बाहेर पडताना बॅज आपापल्या खुंटीला टांगायचा. घरी न्यायचा नाही म्हणजे नाही. एकदा एक नवा गडी शर्टासकट बॅज घरी घेऊन गेला, बायकोनं तो शर्ट धुऊन वाळत घातला. हातवाल्यांनी त्याची सगळ्यांसमोर अशी हजेरी घेतली, की तो पुढे रस्ता बदलून जायचा.

हातवाल्यांच्या बॅजवर काही निघत नसे. निघालं तर मोजण्यात धरू नये इतकं. साहेब नव्या लोकांना त्यांचं उदाहरण द्यायचे. हातवाले मान खाली घालून ऐकायचे, पण घरी आल्यावर त्या दिवशी जरा ताठ बसायचे. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो. ह्यांना शून्याचा होता.

घरी येण्याचीही रीत ठरलेली. मागच्या दारानं यायचं, न्हाणीत अंग घासून घ्यायचं, कपडे बदलायचे, मगच कुणाला शिवायचं. आतून बाहेर पडताना यंत्रानं हात-पाय तपासून स्वच्छ म्हणून सोडलेलं असे, तरीही. लेक लहान होती तेव्हा “बाबा” म्हणत धावायची, आणि हे दोन्ही हात पुढे करून लांबूनच ओरडायचे, “थांब, थांब!” न्हाऊन येईपर्यंत पोर झोपलेली असे. मोठी झाल्यावर ती हसत सांगायची, “आमचे बाबा म्हणजे दारातले बाबा. मला आठवतात ते चौकटीत उभे.” हातवाल्यांना ते ऐकून वाईट वाटायचं. पण आपण घरात काही आणलं नाही, ह्याचं समाधान जास्त वाटायचं.

मग बायकोच्या गळ्याशी गाठ आली.

गाठ काढली, पण तिची पिलावळ आधीच हाडांत जाऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले, किरणांचं औषध देऊ. पोटातून द्यायचं, ते आतल्या आत रोगाला शोधत जातं. औषध आलं ते शिशाच्या जाड डबीत, ढकलगाडीवरून. हातवाल्यांनी डबी बघितली आणि त्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

“अगं, ही आमच्याकडची! आमच्या हातांनी भरलंय हे.”

बायकोनं औषध घेतलं. मग म्हणाली, “चला. इतक्या वर्षांत तुमच्या हातचा चहा मिळाला नाही. औषध तरी मिळालं.”

आता किरणं तिच्यात होती. दवाखान्यानं तिला काही दिवस एकटीला जाड दाराच्या खोलीत ठेवलं आणि मग घरी पाठवलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आठवडाभर वेगळं झोपा, फार वेळ अगदी खेटून बसू नका. त्यानंतर नेहमीसारखं वागा, आणि त्यांना एकटं पाडू नका. लेक माहेरी येऊन राहिली होती, तिनं ऐकलं ते “एकटं पाडू नका”. हातवाल्यांनी ऐकलं ते “खेटून बसू नका”.

त्याच संध्याकाळी त्यांनी पिवळी-काळी चिकटपट्टी आणली आणि तिच्या खाटेभोवती जमिनीवर आखणी केली. कोपरे काटकोनात, पट्टीला कुठे सुरकुती नाही. कामच तसं त्यांचं. पट्टीच्या आत ती, बाहेर घर. जुन्या सामानाच्या बाजारातून सुटे भाग आणून त्यांनी किरणं मोजायचं एक यंत्र जोडून घेतलं होतं. ते रोज सकाळी पट्टीवर उभे राहून यंत्र तिच्याकडे धरत. यंत्र टिकटिकायला लागे.

“किती आहे मी आज?” ती विचारायची.

“कालच्यापेक्षा कमी.”

“म्हणजे रोज थोडी थोडी संपतेय.”

“तसं नाही गं. औषध संपतंय.”

ताट ते पट्टीजवळ स्टुलावर ठेवून मागे सरत. एकदा ती म्हणाली, “तुमचे ते लोखंडी हात आणा की. भरवतील तरी.” लेक स्वयंपाकघरातून हसली. हातवाले हसले नाहीत. त्यांना खरंच वाटून गेलं, की तसे हात घरी असते तर बरं झालं असतं.

आठवडा सरला. लेकीनं आईजवळ बसायला सुरुवात केली, केस विंचरायला लागली. हातवाल्यांचं यंत्र अजून टिकटिकत होतं. ते म्हणाले, आणखी चार दिवस. चार दिवसांनी पुन्हा तेच.

“डॉक्टर म्हणाले ना, चालेल?” लेक चिडली.

“डॉक्टर म्हणाले चालेल. यंत्र म्हणतंय अजून आहे.”

दुपारी ते दारात उभे होते तेव्हा बायकोनं पांघरुणाबाहेर हात काढला आणि खाटेच्या कडेवर तळवा वर करून ठेवला. “अहो,” ती म्हणाली, “इथे बसा ना थोडं. मला दुसरं काही नको.”

“बसणारच आहे. थोडे दिवस.”

“बरं,” ती म्हणाली. हात तसाच राहिला. नंतर कधीतरी तिनं तो आत घेतला.

पुढच्या संध्याकाळी दिवे लागले होते. हातवाले ताट घेऊन येत होते. तिला पाणी हवं होतं. पेला स्टुलावर, म्हणजे हातवाल्यांनी ठेवला तिथेच, तिच्या हातापासून लांब. ती घेण्यासाठी वाकली आणि खाटेवरून खाली गेली. हाड मोडल्याचा आवाज आला असं त्यांना वाटलं. ताट त्यांच्या हातून सुटलं, ते धावले, आणि पट्टीशी त्यांचे पाय थांबले.

क्षणभरच थांबले. सगळं आयुष्य त्या पायांना शिकवलं होतं, पिवळं-काळं दिसलं की थांब. डोकं पुढे गेलं होतं, जीव पुढे गेला होता, पाय मागे राहिले. तेवढ्यात लेक त्यांना खांद्यानं बाजूला ढकलून आत गेली आणि तिनं आईला उचललं.

पडल्या जागेवरून बायको वर बघत नव्हती. तिची नजर जमिनीलगत होती, त्यांच्या पायांवर.

हाड मोडलं नव्हतं. लेकीनं आईला नीट निजवलं, मग जमिनीवर बसून नखांनी सगळी पट्टी खरवडून काढली आणि बोळा करून बापाच्या पायांशी टाकली.

दुसऱ्या दिवशी हातवाले कामावर गेले. न जाऊन काय करावं, ते त्यांना सुचलं नाही. डगला चढवायच्या आधी त्यांनी खिडकीवालीला सगळं सांगितलं. का सांगितलं, ते त्यांनाही कळलं नाही. खिडकीवालीनं मुठी सोडल्या. आतले लोखंडी हात निमूट लोंबत राहिले.

“हातवाले,” ती म्हणाली, “तुम्ही इथे काय करताय?”

“उजव्याची तार…”

“उजवा गेला खड्ड्यात. घरी जा.”

ते निघाले ते जवळजवळ पळतच. खुंटीशी थांबले नाहीत. दारावरच्या पहारेकऱ्यानं खुंटी रिकामी बघितली आणि धरून चालला, की हातवाले अजून आत असतील. त्यांच्याकडून चूक होईल, हे कुणाच्या मनातही येण्यासारखं नव्हतं.

ते पुढच्या दारानं घरात आले. न्हाणीत गेले नाहीत. खाटेच्या कडेवर बसले आणि तिचा हात हातात घेतला. तो हात हलका होता, कोरडा होता आणि त्यानं काही पकडलं नाही. हातवाल्यांना असा हात ओळखीचा होता. तार तुटली, की ह्या बाजूनं मूठ कितीही आवळा, त्या बाजूचा चिमटा उघडाच राहतो.

“अहो,” ती म्हणाली, “तुमचे पाय थांबले होते.”

“हो.”

“मी बघितलं.”

“हो.”

तिनं खाटेवर अंग जरा आत सरकवलं. मग ती म्हणाली, “बसा.”

ते बसले. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. तिला कड बदलून द्यायला ते वाकले, तेव्हा त्यांच्या छातीवरचं काहीतरी तिच्या गालाला टोचलं.

“हे काय?”

हातवाल्यांनी बघितलं आणि हात छातीकडे नेला. “बॅज. घरी आला माझ्याबरोबर.” ते तो काढून लांब ठेवायला उठले.

“काय करतो तो?”

“किरणं साठवतो. जवळ असतील ती.”

“म्हणजे आता मी साठतेय त्यात?”

“हो. तशी.”

ती किती दिवसांनी हसली. “मग असू दे छातीवर. तुमच्याकडे माझं काहीतरी जमा होऊ दे एकदा.”

हातवाले पुन्हा बसले. बॅज होता तिथे राहिला. त्यांनी रजा टाकली आणि रोज ते बॅज लावून तिच्याजवळ बसत. ज्या माणसानं त्या गड्याची सगळ्यांसमोर हजेरी घेतली होती, तोच हा माणूस. यंत्र त्यांनी माळ्यावर टाकून दिलं. एका दुपारी तिची बोटं त्यांच्या बोटांवर मिटली असं त्यांना वाटलं. काचेपलीकडचा चिमटा मिटला की नाही, हे ते लांबून सांगू शकत. इथे, इतक्या जवळून, त्यांना नक्की सांगता आलं नाही.

ती त्यानंतर फार दिवस राहिली नाही.

ते कामावर परतले, बॅज गुपचूप खुंटीला टांगला. मुदत भरली, साहेबांनी बॅज गोळा केले. आणि केंद्रात कुजबुज सुरू झाली. हातवाल्यांच्या बॅजवर आकडा आला होता. जिवाला धोका होईल इतका नाही, पण शून्याच्या माणसावर तो उठून दिसणारच.

साहेबांनी बोलावून विचारलं, “कुठे लागलं हो?”

“आठवत नाही.”

असं ते का बोलले? थोडी लाज होती. पण लाजेपेक्षा मोठं एक होतं. ती गेल्यापासून घरात तिच्या साड्या होत्या, चष्मा होता, ते सगळं तिचं तिचं होतं. ह्यांनी तिच्याजवळ घालवलेल्या दिवसांचं मात्र काही उरलं होतं तर तो आकडा. सरकारी यंत्रानं मोजलेला, त्यांच्या नावापुढे लिहिलेला. तोंड बंद ठेवलं तर तो तिथेच राहणार होता.

कारण सापडेना, म्हणून साहेबांनी नियमाप्रमाणे ती खोली बंद केली. भिंतीचे सांधे तपासले, पिशव्या तपासल्या. उजव्या लोखंडी हातावरच्या प्लास्टिकच्या बाहीला चीर सापडली. हात आपटून चालवला असेल, म्हणून चिरली असेल, असं कुणीतरी बोललं. चौकशी होईपर्यंत खिडकीवालीला काचेपासून उठवलं आणि बाहेर बोळातल्या बाकावर बसवलं.

हातवाले तिथून जात होते. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. बोटं नकळत मिटत होती, उघडत होती.

“हातवाले,” ती म्हणाली. आज त्या आवाजात चेष्टा नव्हती. “तुमचे हात मी कधी आपटले का हो? खरं सांगा.”

“नाही.”

“मग लोकांना का वाटतं? माझ्यामुळे तुम्हाला लागलं, असं म्हणतात सगळे. मला झोप नाही. बायको गेली तुमची, आणि वर मी हे केलं.”

हातवाल्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते तसेच वळले आणि साहेबांच्या खोलीत गेले. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बॅज घरी नेला. पहिल्या दिवशी चुकून, नंतर जाणूनबुजून. बायकोजवळ बसलो होतो. औषध तिच्यात होतं.

साहेबांनी चष्मा काढला. माणूस चांगला होता. “अहो, मग आधीच सांगायचं की! बॅज नेला हे वाईटच, त्याची ताकीद मिळेल. पण जीव भांड्यात पडला माझा. हे तर कामावरचं नाहीच.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते तुमच्या नावावर धरत नाहीत. आकडा काढून टाकतो. तुमचं नेहमीचंच राहील, शून्य.”

“काढावाच लागतो?”

“नियमच आहे. तुमच्याच फायद्याचा.”

हातवाल्यांनी विचारलं, “आणि तो बॅज?”

“तो कधीच कोरा झाला. वाचला तेव्हाच.” साहेबांनी आठवून बघितलं. “कुणाला तरी दिलाही असेल आतापर्यंत.” मग त्यांचा आवाज खाली आला. “घरचं कळलं. वाईट झालं हो.”

“हो,” हातवाले म्हणाले.

ते बोळात आले. “जा,” खिडकीवालीला म्हणाले, “काचेवर जा. तुझं काही नाही त्यात. माझंच होतं.”

“कसं काय?” ती उठत म्हणाली. “काय सांगितलंत तुम्ही? अहो, उजव्याची बाही तरी…”

ते थांबले नाहीत. छातीवरचा नवा बॅज काढून त्यांनी आपल्या खुंटीला टांगला, नीट, सरळ करून. यंत्रावर हात-पाय ठेवले. यंत्रानं स्वच्छ म्हणून दिवा लावला. भर दुपारी, काम सुटायला वेळ असताना, ते बाहेर पडले.

बोळाच्या टोकाला साध्या काचेची एक खिडकी होती. खिडकीवाली तिथे गेली. आवाराचा रस्ता रिकामा होता आणि त्याच्या मधोमध हातवाले चालले होते, हळूहळू, हात अंगापासून जरासे सुटे ठेवून. मोठ्या फाटकाशी गाड्या थांबवायला जमिनीवर पिवळी-काळी रेघ आखलेली होती. तिथे ते थांबले. गाडी नव्हती, कुणी अडवत नव्हतं, तरी पायांकडे बघत थांबलेच. मग एक पाय उचलून पलीकडे ठेवला, मग दुसरा, आणि भिंतीआड दिसेनासे झाले.

ते का थांबले, हे तिला कळलं. आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती मात्र काचेला कपाळ टेकून त्या रिकाम्या फाटकाकडे बघत उभी राहिली.